स्टोइक तत्त्वज्ञान आणि आधुनिक जीवन

स्टोइक तत्त्वज्ञान हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानातील एक प्रमुख संप्रदाय असून त्याची स्थापना झीनो याने इ. स. पू. ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये केली. माणसाचे कल्याण संपत्ती, आरोग्य किंवा कीर्ती यांवर ठरत नाही, ते केवळ सद्गुणावर, म्हणजेच विवेकाने घडवलेल्या चारित्र्यावर ठरते, हा या संप्रदायाच्या शिकवणीचा गाभा होय. सुमारे पाच शतके ग्रीक-रोमन जगातील सुशिक्षित वर्गावर या विचाराचा पगडा होता. पुढे संप्रदाय म्हणून तो लोपला. ग्रीक तत्त्वज्ञानाचा कोणता भाग आजच्या माणसाच्या रोजच्या जगण्यात सर्वांत थेट उतरला आहे, असे विचारल्यास याच संप्रदायाकडे बोट दाखवावे लागेल. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांचा अभ्यास मुख्यतः विद्यापीठांत होतो. स्टोइकांचा एक विचार मात्र मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत दररोज कामी येतो, आणि ज्यांना त्याचा गुण येतो त्यांच्यापैकी बहुतेकांना तो मुळात कोणाचा हे ठाऊक नसते.

झीनो (इ. स. पू. सु. ३३४–२६२) हा सायप्रस बेटावरील सीटिअम या गावचा. तो व्यापारी होता आणि जहाज फुटल्यामुळे त्याला अथेन्समध्ये थांबावे लागले, अशी कथा डायोजिनीस लेअर्शियस या चरित्रकाराने दिली आहे. एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात बसून त्याने सॉक्रेटीसविषयीच्या आठवणी वाचल्या आणि ‘अशी माणसे कुठे भेटतात?’ असे विचारले; त्याच वेळी संपत्ती आणि रूढी झुगारून राहणाऱ्या सिनिक पंथाचा तत्त्वज्ञ क्रेटीस दुकानावरून चालला होता, त्याच्याकडे बोट दाखवून विक्रेता म्हणाला, ‘याच्या मागे जा.’ कथा खरी असो वा रचलेली, स्टोइक स्वतःला सॉक्रेटीसचे वारस मानत, ही गोष्ट तीतून नेमकी कळते.

झीनो ज्या जागी शिकवीत असे, तिच्यावरूनच संप्रदायाला नाव मिळाले. स्टोआ म्हणजे खांबांच्या रांगेवर छप्पर घातलेली, एका बाजूने उघडी असलेली लांब ओसरी. अथेन्सच्या अगोरा या बाजारचौकाच्या उत्तर कडेला ‘स्टोआ पोइकिले’ म्हणजे ‘चित्रांची ओसरी’ होती. तिच्यात मॅरेथॉनच्या लढाईचे प्रसिद्ध चित्र होते. प्लेटोची अकादमी शहराबाहेर होती आणि एपिक्युरसचे शिष्य त्याच्या खासगी बागेत जमत. झीनोचे व्याख्यान मात्र भर बाजारात चाले, आणि भाजी घ्यायला आलेल्या माणसालाही दोन घटका उभे राहून ते ऐकता येई. या मोकळेपणाचा शिकवणीवरही परिणाम झाला असावा, असे मानण्यास जागा आहे.

झीनोनंतर क्लिअँथीस संप्रदायाचा प्रमुख झाला. तो पूर्वी मुष्टियोद्धा होता. तो रात्री बागांना पाणी ओढून पोट भरी आणि दिवसा शिके; पपायरस घेण्याची ऐपत नसल्याने गुरूची व्याख्याने तो शिंपल्यांवर आणि बैलाच्या खांद्याच्या हाडांवर लिहून घेई, असे सांगतात. त्याच्यानंतरचा क्रायसिपस (इ. स. पू. सु. २७९–२०६) हा या मताचा खरा रचनाकार. त्याच्या नावावर ७०५ ग्रंथ सांगितले जातात. त्यांपैकी एकही पूर्ण स्वरूपात उरलेला नाही, आणि आरंभीच्या स्टोइकांविषयी आपल्याला जे कळते ते इतरांनी दिलेल्या उताऱ्यांवरून. ही हानी फार मोठी आहे.

स्टोइकांनी तत्त्वज्ञानाचे तर्कशास्त्र, निसर्गशास्त्र आणि नीतिशास्त्र असे तीन भाग केले. ज्ञानाची बाग कल्पिली, तर तर्क हे तिचे कुंपण, निसर्गज्ञान ही जमीन आणि नीती हे फळ, असे ते म्हणत. तर्कशास्त्रात ॲरिस्टॉटलने ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ यासारख्या विधानांतील पदांचा विचार केला होता. क्रायसिपसने संपूर्ण विधाने घेऊन ती ‘जर–तर’, ‘किंवा’, ‘आणि’ यांनी जोडल्यास काय निष्पन्न होते, याचे नियम बसवले. त्यासाठी तो शिकारी कुत्र्याचे उदाहरण देई. सावजाचा माग काढत कुत्रा तीन वाटा फुटतात तिथे येतो, पहिली वाट हुंगतो, दुसरी हुंगतो, दोन्हीकडे वास लागत नाही, तेव्हा तिसरी न हुंगताच तिच्यावर धाव घेतो. म्हणजे सावज या, त्या किंवा तिसऱ्या वाटेने गेले, पहिल्या दोन्हींनी नाही, म्हणून तिसरीनेच, असा तर्क त्याने नकळत केला. या तर्कशास्त्राकडे कित्येक शतके दुर्लक्ष झाले होते. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविच यांनी १९३० च्या दशकात ते आधुनिक विधान-तर्कशास्त्राचे पूर्वरूप असल्याचे दाखवून दिले.

निसर्गशास्त्राचा भाग आज सर्वांत कमी टिकला आहे. विश्व हे ‘लोगोस’ या विवेकतत्त्वाने व्यापलेले एकच सजीव शरीर असून त्यात घडणारे सर्व काही कार्यकारणाच्या अखंड साखळीत घडते, असे स्टोइक मानत. माणसाची बुद्धी हा त्याच लोगोसचा अंश असल्यामुळे बुद्धीला अनुसरून जगणे म्हणजेच निसर्गाला अनुसरून जगणे, हे त्यांचे सूत्र त्यातून निघते.

नीतिविचारात सर्वांत महत्त्वाचा भाग आहे तो ‘संमती’चा. बाहेरची घटना मनावर ठसा उमटवते. हा ठसा उमटणे आपल्या हाती नसते. परंतु त्या ठशाबरोबर ‘हे भयंकर आहे’, ‘माझा अपमान झाला’ असे जे विधान मनात उभे राहते, त्याला होकार द्यायचा, नाकारायचे की थांबायचे, हे आपल्या हाती असते. राग, भय, हाव आणि दुःख हे मनोविकार चुकीच्या विधानाला घाईने दिलेल्या संमतीतून जन्मतात. म्हणून विवेक, न्याय, धैर्य व संयम हे चार सद्गुण तेवढेच खऱ्या अर्थाने चांगले; आरोग्य, पैसा, प्रतिष्ठा या गोष्टी घेण्याजोग्या असल्या तरी त्यांच्यामुळे माणूस चांगला किंवा वाईट ठरत नाही.

या शिकवणीवर भावनाशून्यतेचा आरोप नेहमी केला जातो आणि तो चुकीचा आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलियस याने एक प्रसंग नोंदवला आहे. ग्रीसहून इटलीकडे जाणारे त्याचे जहाज रात्रभर वादळात सापडले होते आणि जहाजावर एक नामांकित स्टोइक तत्त्वज्ञही होता. तो रडत-ओरडत नव्हता, पण त्याचा चेहरा इतरांसारखाच पांढरा पडला होता. वादळ ओसरल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला डिवचले, की मी घाबरलो नाही आणि तू तत्त्वज्ञ असून कसा घाबरलास? गेलियसने नंतर सवडीने कारण विचारले, तेव्हा त्या तत्त्वज्ञाने आपल्या पिशवीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दिला. आकाश कडाडले किंवा जहाज कलंडले, की ज्ञानी माणसाचेही मन क्षणभर हलते आणि चेहरा उतरतो, असे त्यात लिहिले होते. फरक एवढाच, की अज्ञानी माणूस त्या पहिल्या धक्क्याला संमती देऊन बसतो आणि ज्ञानी देत नाही. प्रवचनांचा तो भाग आज नष्ट झाला आहे. स्टोइक विचार समजून घ्यायला या एका प्रसंगाइतके चांगले साधन दुसरे क्वचितच सापडेल.

मराठी वाचकाला येथे गीतेतील स्थितप्रज्ञ आठवणे साहजिक आहे. दोहोंतील साम्य वरवरचे नाही. तरीही स्टोइकांच्या मते आत्मासुद्धा भौतिकच आहे. त्यांच्याकडे पुनर्जन्मातून सुटका हे ध्येय नाही, आणि जे साधायचे ते याच देही, याच नगरीचा नागरिक म्हणून साधायचे असते.

संप्रदाय रोममध्ये गेल्यावर त्याला तीन मोठे लेखक लाभले. सेनेका (इ. स. पू. सु. ४–इ. स. ६५) हा रोमन सम्राट नीरोचा शिक्षक, अतिशय श्रीमंत, आणि अखेरीस नीरोच्याच हुकमावरून आत्महत्या करावी लागलेला मुत्सद्दी होता, त्याने मित्राला लिहिलेली १२४ पत्रे उपलब्ध आहेत. एपिक्टेटस (इ. स. सु. ५०–१३५) गुलामीत वाढला आणि पायाने अधू होता. स्वतंत्र झाल्यावर तो रोममध्ये शिकवू लागला, परंतु सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना घालवून दिल्यामुळे त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे शाळा काढली. स्वतः त्याने काहीच लिहिले नाही. त्याचा शिष्य ॲरियन याने प्रवचने टिपून ठेवली आणि त्यांचे सार एका छोट्या ‘हस्तपुस्तिके’त दिले. मार्कस ऑरेलियस (इ. स. १२१–१८०) हा तर सम्राट. डॅन्यूबच्या सरहद्दीवरील लढाया आणि साथीचा रोग या धामधुमीत त्याने ग्रीक भाषेत स्वतःपुरती टिपणे लिहिली. त्यांपैकी एका टिपणात एका विशाल साम्राज्याचा हा धनी पहाटे उबदार अंथरुणातून उठायला नको वाटते म्हणून स्वतःची समजूत घालतो, की माणसाचे काम करण्यासाठी मी उठत आहे. गुलाम आणि सम्राट यांना एकच शिकवण सारखीच उपयोगी पडली, ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या इतिहासात विरळा आहे.

या लेखकांचा भर सरावावर होता. दिवा काढून नेल्यावर आणि आपली सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प झाल्यावर, आपण सबंध दिवस पुन्हा नजरेखालून घालतो, कोणाशी तडकून बोललो, कुठे चुकलो ते तपासतो आणि स्वतःला क्षमा करतो, असे सेनेकाने लिहिले आहे. संभाव्य संकटे आधीच मनात उभी करून पाहणे हा दुसरा सराव. एपिक्टेटसच्या घरातील देवांजवळचा लोखंडी दिवा चोरीला गेला, तेव्हा ‘उद्या मातीचा आणू, जे असते तेच जाते’ असे म्हणून त्याने विषय संपवला. त्याच्या मृत्यूनंतर तोच मातीचा दिवा एका हौशी माणसाने तीन हजार द्राख्मा देऊन विकत घेतला, असे ल्युशियन या ग्रीक व्यंगलेखकाने लिहून ठेवले आहे.

आधुनिक काळात या विचाराने सर्वांत भरीव काम केले ते मानसोपचारात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती विकसित केली, तिच्या मुळाशी हस्तपुस्तिकेतील पाचवे कलम आहे: माणसांना घटना अस्वस्थ करीत नाहीत, घटनांविषयीची त्यांची मते अस्वस्थ करतात. एलिस यांनी हे ऋण उघडपणे मान्य केले. परीक्षेत नापास झालेला मुलगा आपण नापास झाल्यामुळे खचलो असे समजतो. उपचारक त्याला दाखवून देतो, की नापास होणे आणि खचणे यांच्यामध्ये ‘मी कधीच नापास होता कामा नये, झालो तर मी कवडीमोलाचा’ हे एक न तपासलेले विधान उभे आहे. त्या विधानाशी वाद घालणे, हाच उपचार. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनीही १९६० च्या दशकात उभारलेल्या बोधात्मक उपचाराची तात्त्विक मुळे स्टोइकांपर्यंत जातात, असे आपल्या १९७९ च्या ग्रंथात म्हटले आहे. महाराष्ट्रात एलिस यांची पद्धती रुजली ती प्रामुख्याने मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे; त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, प्रशिक्षणवर्ग घेतले आणि मराठीतून लेखन केले. ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द आज मराठी समुपदेशनात रुळला आहे.

कठोर परिस्थितीत या विचाराची कसोटी लागल्याचे उदाहरण म्हणून जेम्स स्टॉकडेल या अमेरिकन नौदल वैमानिकाचा नेहमी उल्लेख होतो. सप्टेंबर १९६५ मध्ये उत्तर व्हिएतनामवर त्यांचे विमान पाडले गेले. हवाई छत्रीने खाली येताना आपण तंत्रज्ञानाचे जग सोडून एपिक्टेटसच्या जगात शिरत आहोत, असे आपण स्वतःशी म्हणालो, असे त्यांनी पुढे सांगितले. छळ, मोडलेला पाय आणि वर्षानुवर्षांची एकांतकोठडी सोसून ते १९७३ मध्ये सुटले. युद्धाच्या न्याय्यतेविषयी यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण हस्तपुस्तिका कैदेतल्या माणसाला आधार देऊ शकते, एवढे निश्चित दिसते.

इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठातून २०१२ मध्ये ‘स्टोइक सप्ताह’ सुरू झाला, त्यानंतर या विचाराचा लोकप्रिय प्रसार वेगाने वाढला. या प्रसारात मूळ शिकवणीचा एक मोठा भाग गळून पडतो. खेळाडू, उद्योजक आणि नोकरदार यांना मानसिक कणखरपणाचे तंत्र म्हणून जे विकले जाते, त्यात धैर्य आणि संयम असतात, न्याय बहुधा नसतो. दुसऱ्या शतकातील हायरोक्लीस या स्टोइकाने माणसाभोवती वर्तुळे कल्पिली होती: आधी मी, मग घर, नातलग, गाव, देश आणि शेवटी सर्व मानवजात. प्रत्येक बाहेरचे वर्तुळ आतल्या वर्तुळाकडे ओढत आणणे हे कर्तव्य होय, आणि त्याची सुरुवात म्हणून चुलतभावांना भाऊ म्हणत जावे, असे त्याने सुचवले होते. मराठी घरांत ही रीत सांगावी लागत नाही. पण त्यापलीकडची वर्तुळे ओढणे आपल्यालाही तितकेच जड जाते. प्राचीन स्टोइकांची स्वतःची मर्यादाही येथेच दिसते. गुलाम ही माणसेच आहेत, त्यांच्यासोबत जेवावे, असे सेनेकाने ठामपणे लिहिले, पण गुलामगिरी मोडावी असे म्हटले नाही.

‘मत बदला म्हणजे दुःख जाईल’ ही शिकवण अन्यायाखाली दबलेल्या माणसाला गप्प बसवते, हा सर्वांत गंभीर आक्षेप. त्याचे उत्तर शोधताना एपिक्टेटस विद्यार्थ्यांना सांगत असे ती हेल्विडियस प्रिस्कसची गोष्ट वाचावी. सम्राट व्हेस्पेशियनने सिनेट या रोमच्या राज्यसभेतील या स्टोइक सदस्याला सभेला येऊ नकोस असा निरोप धाडला. हेल्विडियस म्हणाला, ‘मला सदस्यत्वावरून काढणे तुमच्या हाती आहे, सदस्य आहे तोवर मला आलेच पाहिजे.’ ‘मग ये, पण गप्प बस.’ ‘मला मत विचारू नका, मी गप्प बसेन.’ ‘पण मला विचारावे लागेल.’ ‘आणि मला जे योग्य वाटते ते बोलावे लागेल.’ ‘बोललास तर ठार करीन.’ ‘मी अमर आहे असे तुम्हाला कधी म्हणालो? तुम्ही तुमचे काम करा, मी माझे करतो.’ हेल्विडियसला आधी हद्दपार केले गेले आणि नंतर मारले गेले.