इंग्रजी देशातून इंग्रजी देशात: भाषा एक, कायदे निराळे

१९३६ साली मेबल फ्रीअर नावाची एक गोरी ब्रिटिश बाई हिंदुस्थानातून बोटीने ऑस्ट्रेलियात आली. जन्म लाहोरचा, भाषा इंग्रजी, प्रजा ब्रिटिश राजाची. फ्रीमँटल बंदरात अधिकाऱ्यांनी तिला श्रुतलेखन घातले, आणि तेही इटालियन भाषेत. तिला इटालियन येत नव्हते. ती नापास झाली आणि तिला उतरू दिले गेले नाही. न्यूझीलंडला जाऊन तिथून तिने सिडनीमार्गे पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा इटालियन, पुन्हा नापास. खरे कारण निराळे होते. एका विवाहित ऑस्ट्रेलियन लष्करी अधिकाऱ्याशी तिचे संबंध होते आणि तिने देशात पाऊल ठेवू नये असे वरच्या पातळीवर ठरले होते. वर्तमानपत्रांत आणि संसदेत ओरड झाली, तेव्हा कुठे १९३७ मध्ये तिला प्रवेश मिळाला.

ही परीक्षा १९०१ च्या ऑस्ट्रेलियन कायद्यातली. अधिकारी निवडेल त्या युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचा उतारा लिहून दाखवायचा. रंगाचा उल्लेखही न करता आशियाई आणि इतर गौरेतर लोकांना बाहेर ठेवायची ही युक्ती होती. हिंदुस्थानी लोकांना रोखण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये केलेल्या कायद्यातून ती उचलली गेली, आणि ऑस्ट्रेलियात १९५८ पर्यंत टिकली.

आज ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियाला, आयर्लंडमधून कॅनडाला किंवा अमेरिकेतून न्यूझीलंडला जायचा विचार करणाऱ्याला पहिला दिलासा भाषेचा वाटतो. मुलांची शाळा, नोकरीची मुलाखत, डॉक्टरशी बोलणे, सगळे त्याच भाषेत होणार. हा दिलासा खरा आहे, पण त्यावरून प्रवेशही सोपा असेल असा जो निष्कर्ष निघतो तो इतिहासाला धरून नाही. या देशांनी एकमेकांची माणसे घेतली ती भाषेखातर नव्हे. कुणाला माणसे हवी होती, भाडे कोण भरत होते आणि येणाऱ्याचा रंग कोणता होता, यावर सारे ठरले. १९७० च्या दशकानंतर रंगाची जागा वय, शिक्षण आणि कौशल्याने घेतली.

सुरुवात सक्तीने झाली. ब्रिटन आपले कैदी आधी अमेरिकन वसाहतींत पाठवत असे. त्या वसाहतींनी १७७६ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केल्यावर ती वाट बंद झाली आणि १७८८ मध्ये आर्थर फिलिपच्या ताफ्यातली अकरा जहाजे सिडनीच्या किनाऱ्याला लागली. १८६८ पर्यंत सुमारे १,६०,००० कैदी ऑस्ट्रेलियात उतरवले गेले. त्याच अमेरिकन क्रांतीमुळे राजनिष्ठ वसाहतकऱ्यांचे लोंढे उत्तरेला नोव्हा स्कॉशियाकडे गेले; त्यांच्यासाठी १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक ही स्वतंत्र वसाहत काढावी लागली. म्हणजे एका युद्धाने कॅनडाचा इंग्रजी चेहरा घडवला आणि ऑस्ट्रेलियाचीही वसाहत सुरू करून दिली. जमीन मात्र कुठेच रिकामी नव्हती. न्यूझीलंडमध्ये १८४० साली माओरी प्रमुखांशी वाइतांगीचा करार तरी झाला. ऑस्ट्रेलियात तेवढेही झाले नाही, आणि ती भूमी कुणाचीच नव्हती ही कायदेशीर कल्पना तिथल्या उच्च न्यायालयाने थेट १९९२ मध्ये, माबो खटल्यात, मोडीत काढली.

पुढच्या काळात सोन्याने माणसे हलवली: १८४८ नंतर कॅलिफोर्निया, १८५१ पासून व्हिक्टोरिया, १८६१ पासून न्यूझीलंडचे ओटागो. खाणकामगार एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकत राहिले. आयर्लंडमधून लोक दुष्काळाने हलले; १८४५ नंतरच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख मेले आणि जवळपास तितक्यांनीच देश सोडला.

सरकारी पैशाने माणसे पाठवण्याचे प्रकार आधीपासून चालू होतेच. ब्रिटनने १९२२ च्या साम्राज्य वसाहत कायद्याने त्यासाठी पंधरा वर्षांची तरतूद केली: वर्षाला तीस लाख पाउंडांपर्यंत. बेकार माणूस इकडून कमी होईल, तिकडे शेतावर हात मिळेल, आणि साम्राज्याची लोकसंख्या 'आपलीच' राहील, असा हिशेब होता. या हिशेबाची सर्वांत क्रूर बाजू मुलांच्या वाट्याला आली. १८६९ पासून सुमारे एक लाख गरीब मुले धर्मादाय संस्थांमार्फत ब्रिटनमधून कॅनडाला पाठवली गेली, मुख्यतः शेतांवर आणि घरांत राबायला. दुसऱ्या महायुद्धानंतरही ऑस्ट्रेलियाला मुले जातच राहिली. आईवडील हयात असताना कित्येकांना अनाथ असल्याचे सांगण्यात आले, आणि संस्थांमध्ये अनेकांवर अत्याचार झाले. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये आणि ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये माफी मागितली. 'भाषा तीच, मग मूल रुळेल' हा विचार या योजनेच्या तळाशी होता. भाषेच्या नावाखाली इतके काही खपवले गेल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

महायुद्धात जपानी फौजा ऑस्ट्रेलियाच्या उंबरठ्यापर्यंत आल्या होत्या. एवढा मोठा किनारा आणि इतकी थोडी माणसे, या भीतीतून १९४५ मध्ये तिथे स्थलांतराचे स्वतंत्र खाते निघाले. पहिले मंत्री आर्थर कॉलवेल. १९४७ पासून ब्रिटिश प्रौढाला केवळ दहा पाउंडांत ऑस्ट्रेलियाला पोहोचवले जाऊ लागले; उरलेले भाडे सरकारांनी उचलले. अट एकच, किमान दोन वर्षे राहायचे. आधी परतायचे तर भाडे फेडा. शिधापत्रिका, बॉम्बने पडलेली घरे आणि धुक्याने कंटाळलेल्या कुटुंबांना जाहिरातींतले ऊन आणि अंगणाचे घर मोहवत होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दहा लाखांहून अधिक ब्रिटिश लोक या मार्गाने गेले. वेल्समधून १९६६ मध्ये आलेल्या एका कुटुंबातली मुलगी, ज्युलिया गिलार्ड, पुढे ऑस्ट्रेलियाची पंतप्रधान झाली.

पण जाहिरातीत नसलेले पुष्कळ होते. बोटीचे पाच-सहा आठवडे संपल्यावर अनेकांना थेट पत्र्याच्या अर्धगोल निसेन झोपड्यांच्या वसतिगृहात उतरवले गेले. उन्हाळ्यात पत्रा तापे, शौचालये सामाईक, पुरुषाला नोकरी मिळेपर्यंत बाई मुलांसह तिथेच. तक्रार केली की स्थानिक लोक कुरकुऱ्या इंग्रजांची थट्टा करत. भाषा एक असल्याने परकेपणाची तक्रार करण्याचा हक्कही त्यांना नव्हता, असे म्हणावे लागते; इटलीहून किंवा ग्रीसहून आलेल्याचे एकाकीपण लोकांना समजत होते, इंग्लंडमधल्या लीड्सहून आलेल्याचे नाही. सुमारे पाव लोक परत गेले. परतलेल्यांपैकी बरेच ब्रिटनमध्येही न रमता पुन्हा ऑस्ट्रेलियाला आले. परतीचा विचार करणाऱ्याला आजही अपयशी समजतात. त्या काळातल्या या पाव लोकांकडे पाहिले, तर परत येणे हा अशा स्थलांतराचा सुरुवातीपासूनचाच भाग आहे हे दिसते.

याच वर्षांत साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते ते शेजारी ठेवून पाहायला हवे. जून १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' ही बोट जमैकाहून लंडनजवळच्या टिल्बरी बंदराला लागली. बोटीवरची कॅरिबियन माणसे इंग्रजी बोलणारी, ब्रिटिश प्रजा. त्यांतले अनेक युद्धात ब्रिटनसाठी लढलेले. बोटीच्या खालच्या मजल्यावरच्या जागेसाठी त्यांनी सुमारे २८ पाउंड पदरचे मोजले होते. त्याच वर्षीच्या राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींतल्या सगळ्यांना ब्रिटनमध्ये येऊन राहायचा हक्क दिला. तो फार टिकला नाही. १९६२ मध्ये रोजगार परवान्याची अट आली, १९६८ मध्ये ती आणखी आवळली गेली, आणि १९७१ च्या कायद्याने ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले त्यांनाच मोकळीक ठेवली. व्यवहारात याचा अर्थ असा, की मेलबर्नच्या गोऱ्या तरुणाला आजोबांच्या जन्मदाखल्यावर येता येई आणि जमैकातल्या किंग्स्टनच्या तरुणाला येत नसे. हा कायदा १ जानेवारी १९७३ ला लागू झाला. त्याच दिवशी ब्रिटन युरोपीय समुदायात सामील झाला, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर फ्रेंच किंवा जर्मन माणसाला ऑस्ट्रेलियन माणसापेक्षा सोपा प्रवेश मिळू लागला. विंडरशच्या पिढीची परवड तिथेही संपली नाही: पन्नास वर्षे ब्रिटनमध्ये काढलेल्यांकडे कागद मागितले गेले, काहींच्या नोकऱ्या आणि उपचार बंद झाले, काहींना देशाबाहेर काढले गेले. २०१८ मध्ये हे उघड झाल्यावर गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

आज अर्जदाराला ज्या गुणांच्या तक्त्याशी झगडावे लागते त्याचा जन्म कॅनडात, १९६७ साली झाला. शंभरपैकी पन्नास गुण मिळाले की पात्रता. शिक्षणाला वीसपर्यंत गुण होते. इंग्रजी आणि फ्रेंच मिळून दहाच. वंशाचा निकष गेला, ही मोठी न्याय्य गोष्ट. त्याबरोबर ब्रिटिश असण्याचे झुकते मापही गेले. ऑस्ट्रेलियात गफ व्हिटलम सरकारने १९७३ मध्ये गोऱ्यांच्या प्राधान्याचे धोरण संपवले आणि पुढे तिथेही गुणपद्धती आली. न्यूझीलंडने ती १९९१ मध्ये आणली, ब्रिटनने २००८ पासून. १९८९ पासून आयल्ट्स ही इंग्रजी भाषेची परीक्षाही या व्यवस्थेचा भाग होत गेली. नायजेरिया किंवा भारतात सगळे शिक्षण इंग्रजीतून घेतलेल्यालाही पैसे भरून आपले इंग्रजी सिद्ध करावे लागते, कारण सूट बहुतेक ठिकाणी ठरावीक देशांच्या यादीलाच मिळते. मला ही व्यवस्था अन्यायाची वाटते. माणसाची भाषा कोणती यापेक्षा त्याचा पासपोर्ट कोणता हेच इथे पाहिले जाते.

अमेरिका आणि कॅनडा यांच्यातली ये-जा मात्र स्वतःच्याच कारणांनी चालली. १८५० च्या पळून गेलेल्या गुलामांविषयीच्या कायद्यानंतर हजारो कृष्णवर्णीय कॅनडात आश्रयाला गेले, कारण ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी १८३४ मध्येच संपली होती. व्हिएतनाम युद्धात सक्तीची भरती टाळणारे तरुण उत्तरेला गेले. १९६९ मध्ये कॅनडाने त्यांची लष्करी स्थिती विचारणार नाही असे जाहीर केले, आणि जानेवारी १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना माफी दिल्यावरही अनेक तिथेच राहिले. उलट दिशेने, कॅनडातून अमेरिकेत जाणाऱ्यांच्या संख्येवर १९६५ च्या अमेरिकन कायद्यापर्यंत मर्यादाच नव्हती.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भारतीयांना कॅनडाच्या या वाटेची ओळख निराळ्या कारणाने झाली आहे. ग्रीन कार्डाच्या रोजगाराधारित वाट्यात कुठल्याही एका जन्मदेशाला सात टक्क्यांहून अधिक जागा सहसा मिळत नाहीत. अमेरिकेत कितीही वर्षे काढली तरी मोजला जातो जन्मदेश. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतल्या एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसाच्या धारकांसाठी दहा हजार परवाने खुले केले, तेव्हा ते दोन दिवसांच्या आत संपले.

खरी मोकळी वाट दोनच जोड्यांत उरली. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यातली मुभा १९२० च्या दशकापासून चालत आली आहे, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही ती टिकली. दुसरी जोडी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची. ऑस्ट्रेलियाच्या घटनाकायद्यात घटकराज्यांच्या व्याख्येत न्यूझीलंडचे नाव आजही छापलेले आहे. १९७३ च्या व्यवस्थेने दोन्हीकडच्या नागरिकांना कुठेही राहायची आणि काम करायची मुभा दिली. पण मुभा म्हणजे हक्क नव्हे. फेब्रुवारी २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने नियम बदलला: त्यानंतर येणाऱ्या न्यूझीलंडकरांना कर भरावा लागे, पण कायम निवासाचा वेगळा परवाना काढल्याशिवाय बहुतेक सामाजिक मदत आणि नागरिकत्व मिळेना. २०१४ च्या दुरुस्तीनंतर वर्षभराच्या शिक्षेवरही हद्दपारी होऊ लागली, आणि लहानपणापासून ऑस्ट्रेलियात वाढलेली माणसे ओळखीचे कुणी नसलेल्या देशात परत पाठवली गेली. १ जुलै २०२३ पासून चार वर्षांच्या वास्तव्यानंतर थेट नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. बावीस वर्षे अधांतरी राहिलेल्यांना हे आधीच मिळायला हवे होते.

निघून गेल्यावरही जुना देश पाठ सोडत नाही, हे विचार करणाऱ्याने आधी तपासावे. अमेरिका आपल्या नागरिकांवर ते जगात कुठेही राहिले तरी कर लावते. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या बोरिस जॉन्सन यांना लंडनमधले घर विकल्यावर अमेरिकेचा कर भरावा लागला. २०१६ मध्ये त्यांनी ते नागरिकत्व सोडले. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये अनेक खासदारांना पद गमवावे लागले, कारण जन्माने किंवा वडिलांकडून ते ब्रिटन, न्यूझीलंड किंवा कॅनडाचेही नागरिक निघाले. आणि ब्रिटिश सरकारी निवृत्तिवेतन घेऊन अमेरिकेत राहिले तर ते दरवर्षी वाढते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये राहिले तर पहिल्या दिवशीच्या रकमेवर कायमचे गोठते. आयुष्यभर सारखीच वर्गणी भरलेल्या दोन भावांपैकी एक फ्लोरिडाला आणि दुसरा ऑन्टॅरिओला गेला, तर वीस वर्षांनी दोघांच्या वेतनात मोठी तफावत असते. ऑस्ट्रेलियाने याच्या निषेधार्थ २००१ मध्ये ब्रिटनबरोबरचा सामाजिक सुरक्षेचा करार मोडला. कॅनडाने नव्या करारासाठी विनंती केली, पण ब्रिटनने ती मान्य केली नाही.