मालक बदलतो, तांडेल तोच: मोटार कंपन्या शर्यतीत येतात, जातात आणि परततात त्यामागची गोष्ट

१९ जून २०१६, रविवार. संध्याकाळचे साडेसहा वाजायला आले होते. कुडाळमधल्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये, अर्धवट खोललेल्या जीपच्या बॉनेटला मोबाइल टेकवून आम्ही चारपाच जण फ्रान्समधल्या ल माँची चोवीस तासांची शर्यत बघत होतो. नेटवर्क मधेच जायचं, चित्र गोठायचं, पुन्हा सुरू व्हायचं. टोयोटाची पाच नंबरची गाडी पुढे होती आणि मोजकी मिनिटं उरली होती. तेवढ्यात चालक काझुकी नाकाजिमाचा रेडिओवर आवाज आला, गाडीत ताकदच राहिली नाही म्हणून. शेवटची फेरी सुरू होते तिथेच, टोयोटाच्या स्वतःच्या पिटसमोर, म्हणजे शर्यतीत गाडीची देखभाल करायच्या जागेसमोर, गाडी उभी राहिली. पोर्शे शेजारून निघून गेली. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "हेका काय झाला रे?"

काय झालं ते टोयोटाने नंतर सांगितलं. इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीचा जोड निकामी झाला होता. मिस्त्रींना ते लगेच पटलं. घाटात डिझेल गाडीचा पिकअप गेला की तेही आधी तीच नळी चाचपतात.

इतक्या मोठ्या नामुष्कीनंतरही टोयोटा ल माँ सोडून गेली नाही. २०१८ मध्ये जिंकली आणि २०२२ पर्यंत सलग पाच वर्षं जिंकत राहिली. हीच टोयोटा २००२ ते २००९ अशी आठ वर्षं फॉर्म्युला वनमध्ये होती. तिथे १३९ शर्यतींत एकही विजय मिळाला नाही आणि ती निघून गेली. एकच कंपनी एका ठिकाणी टिकते आणि दुसऱ्या ठिकाणाहून बाहेर पडते, ते का? २०२६ पासून फॉर्म्युला वनमध्ये ऑडी स्वतःच्या नावाने उतरली, जनरल मोटर्सची कॅडिलॅक अकरावा संघ म्हणून आली, फोर्ड वीसहून अधिक वर्षांनी रेड बुल संघाची भागीदार होऊन परतली आणि होंडा ॲस्टन मार्टिन संघाच्या जोडीने पुन्हा आली. त्यामुळे हा प्रश्न आता आमच्या शेडमध्येही रोज निघतो. त्याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

मोटारशर्यतीचा जन्मच मुळी कारखान्यांच्या पोटी झाला. २२ जुलै १८९४ रोजी एका फ्रेंच वर्तमानपत्राने पॅरिस ते रूआँ अशी मोटारींची स्पर्धा भरवली. सर्वांत आधी पोहोचली ती काउंट द दियाँची वाफेवरची गाडी. पण तिला आगवाला लागत होता, म्हणून पहिलं बक्षीस तिला मिळालं नाही. ते पेट्रोलवर चालणाऱ्या पूजो आणि पानार-लव्हासोर या दोन कारखान्यांत वाटून दिलं गेलं. म्हणजे पहिलं बक्षीस चालकाचं नव्हतं, गाडी बनवणाऱ्याचं होतं. घोड्यावाचून चालणारं हे यंत्र वाटेत बंद पडणार नाही, हे गिऱ्हाइकाला पटवून द्यायचं होतं. आपल्याकडेही १९०४ च्या डिसेंबरात दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची अशीच टिकाऊपणाची चाचणी निघाली, तीही याच हेतूने.

१९०६ ची पहिली ग्रां प्री, म्हणजे मोठ्या बक्षिसाची शर्यत, रेनॉ या फ्रेंच कारखान्याने जिंकली आणि वर्षभरात तिची विक्री १,६०० गाड्यांच्या आसपास होती ती ३,००० च्या घरात गेली. एवढं उघड फळ पुढे क्वचितच कुणाला मिळालं असेल. पण दोनच वर्षांनी, १९०८ मध्ये, फ्रान्समधल्याच दियेपच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक मर्सिडीज आणि बेंझ या जर्मन गाड्यांनी पटकावले. घरच्या मैदानावर नाक कापलं गेलं, वर खर्चही परवडेना, म्हणून फ्रेंच कारखान्यांनी मिळून अंग काढून घेतलं. १९१२ पर्यंत फ्रेंच ग्रां प्री झालीच नाही. पुन्हा भरली तेव्हा पूजो जिंकली. कंपन्यांचं येणं, रुसून जाणं आणि परत येणं हे सगळं चक्र पहिल्या महायुद्धाच्या आधीच एकदा पुरं फिरून झालं होतं.

पुढच्या काळात माघारीची कारणं बदलत गेली. ११ जून १९५५ ला ल माँमध्ये मर्सिडीजची एक गाडी उडून प्रेक्षकांत घुसली. चालक पिएर लव्हेग आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. रात्री उशिरा स्टुटगार्टच्या मुख्यालयातून आदेश आला आणि आघाडीवर असलेल्या मर्सिडीज गाड्या मागे घेतल्या गेल्या. त्या हंगामाअखेर कंपनीने शर्यतच सोडली. फॉर्म्युला वनमध्ये ती स्वतःचा संघ घेऊन परतली थेट २०१० मध्ये. २००८ च्या मंदीत होंडा, बीएमडब्ल्यू आणि टोयोटा एका वर्षाच्या आत बाहेर पडल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा डिझेल धुराचा घोटाळा उघड झाला. पुढच्याच वर्षी सलग चार वर्षं जगज्जेता असलेला फोक्सवॅगनचा रॅली संघ बंद झाला आणि त्याच घराण्यातली ऑडी ल माँमधून गेली. रॅलीच्या कच्च्या रस्त्यावर त्या संघाची काहीच चूक नव्हती, याची मला अजून हळहळ वाटते. निर्णय झाला तो डिझेलच्या दंडाचा हिशेब मांडणाऱ्या टेबलावर.

या येण्याजाण्याचा खरा नमुना बघायचा तर होंडाकडेच बघावं लागतं. होंडाने पहिली मोटार विकायला काढली १९६३ मध्ये आणि १९६४ मध्ये ती फॉर्म्युला वनच्या मैदानात होती. त्याआधी अनुभव होता तो मोटारसायकल शर्यतींचा. १९६५ मध्ये मेक्सिकोला पहिला विजय मिळाला. १९६८ मध्ये कंपनीने हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची एक नवी गाडी आणली. तिचा मुख्य चालक जॉन सर्टीस याने ती धोकादायक आहे म्हणून चालवायला नकार दिला. तरी रूआँच्या शर्यतीत ती जो श्लेसर या फ्रेंच चालकाच्या हाती दिली गेली. अपघात झाला, मॅग्नेशियमच्या सांगाड्याने पेट घेतला आणि श्लेसर गेला. वर्षअखेर होंडा बाहेर पडली. पुढे तिचे अभियंते कमी धूर ओकणाऱ्या इंजिनाच्या मागे लागले आणि १९७२ मध्ये त्यांनी ते जगापुढे ठेवलं.

१९८३ मध्ये होंडा परतली ती फक्त इंजिन घेऊन. १९८८ मध्ये मॅक्लारेन संघाच्या गाड्यांत होंडाचंच इंजिन होतं आणि सोळापैकी पंधरा शर्यती त्यांनी जिंकल्या. १९९२ च्या अखेरीस पुन्हा निरोप, २००० मध्ये पुन्हा आगमन, २००६ मध्ये स्वतःचा संघ, डिसेंबर २००८ मध्ये मंदीमुळे तडकाफडकी बंद. जाताना संघ जवळजवळ फुकट, एका पौंडाला, रॉस ब्रॉन या आपल्याच व्यवस्थापकाच्या हवाली केला. आधीच तयार झालेल्या त्या गाडीत मर्सिडीजचं इंजिन बसवून ब्रॉनच्या माणसांनी २००९ ची चालकाचं आणि संघाचं अशी दोन्ही जगज्जेतेपदं जिंकली. होंडाने पेरलेलं दुसऱ्याने कापलं.

२०१५ मध्ये होंडा परत आली तेव्हा इंजिन इतकं मागे पडलं होतं की ते चालवणाऱ्या फर्नांडो अलोन्सोने होंडाच्याच सुझुका ट्रॅकवर, जपानी प्रेक्षकांसमोर, त्याला खालच्या वर्गातलं इंजिन म्हटलं. तरी माणसं झटत राहिली. २०१९ मध्ये ऑस्ट्रियात होंडाच्या इंजिनावर मॅक्स वेर्स्टाप्पेन जिंकला, २०२१ मध्ये जगज्जेता झाला. पण त्याआधीच, ऑक्टोबर २०२० मध्ये, कंपनीने २०२१ अखेर जाण्याचं जाहीर करून टाकलं होतं. आणि मे २०२३ मध्ये २०२६ साठी पुन्हा येण्याची घोषणा! एका पिढीच्या कारकिर्दीत इतके निरोप आणि इतकी स्वागतं. यात मला धरसोड वाटत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचं जे त्या त्या वेळी अडलेलं असतं, तेच इंजिनाच्या रूपाने शर्यतीत येतं किंवा शर्यतीतून जातं.

२०२६ ला इतक्या कंपन्या एकदम आल्या त्याचं कारणही तेच. एग्झॉस्टच्या उष्णतेतून वीज बनवणारं महागडं, किचकट यंत्र नियमातून वगळलं गेलं. ज्यांनी ते बारा वर्षं घोटवलं त्यांना गाठणं नवख्याला शक्य नव्हतं. विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॉटवरून ३५० वर नेली, इंधन जीवाश्म नसलेलं ठरवलं आणि खर्चाला आधीच कमाल मर्यादा घातली गेली होती. रस्त्यावर हायब्रिड गाड्या विकायच्या असलेल्या कंपनीला आणखी काय हवं? ल माँमध्येही असंच घडलं. २०१८ मध्ये वरच्या वर्गात हायब्रिड गाडीची मोठी कंपनी म्हणून एकटी टोयोटा उरली होती. नियम सोपे आणि स्वस्त झाले, २०२३ पर्यंत पूजो, पोर्शे, कॅडिलॅक हजर झाल्या आणि फेरारी पन्नास वर्षांनी परतून त्याच वर्षी जिंकली.

पण नियम बदलले तरी परतायला जागा लागते, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. कंपन्या बहुधा शून्यातून सुरुवात करत नाहीत, तयार शेड विकत घेतात. इंग्लंडमधल्या ब्रॅक्लीच्या ज्या कारखान्यावर आधी बीएआर या संघाची, मग होंडाची, मग ब्रॉनची पाटी होती, तिथेच मर्सिडीजने २०१४ पासून सलग आठ वेळा संघांचं जगज्जेतेपद मिळवलं. स्वित्झर्लंडमधल्या हिनविलच्या साउबर कारखान्यात बीएमडब्ल्यू येऊन गेली, आता ऑडी आहे. आमच्या बंदरावर ट्रॉलरचं असंच असतं. नाव बदलतं, मालक बदलतो, पण नाव हाकणारा तांडेल आणि खलाशी तेच राहतात. कुठल्या वाऱ्यात जाळं कुठे टाकायचं ते त्यांनाच ठाऊक असतं.

इंग्लंडमधल्याच सिल्व्हरस्टोनच्या शेडशी तर आपलंही नातं आहे. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय चालक झाला तो तिथल्या जॉर्डन संघात. तोच संघ मालक बदलत २००८ मध्ये फोर्स इंडिया झाला. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत नोएडाजवळच्या ट्रॅकवर भारतीय ग्रां प्री झाली, तेव्हा तिरंगी रंगांची ती गाडी आपली म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. २०१८ मध्ये संघ दिवाळखोरीत गेला, विकला गेला आणि आज त्याच जागी ॲस्टन मार्टिनचा नवा कारखाना आहे. होंडा परत आली ती याच दारात. भारतीय नाव पुसलं गेलं, तिथली माणसं मात्र आपल्या कामावर राहिली. आणि ती शेड आपल्या देशात नव्हती, म्हणून त्या दहा वर्षांचं कौशल्य आपल्याकडे उतरलं नाही.

आपल्या कंपन्यांत चिकाटी दाखवली ती महिंद्राने. मुंबईच्या या कंपनीने २०११ मध्ये मोटारसायकलच्या जागतिक शर्यतींत पाऊल टाकलं. २०१६ मध्ये फ्रान्सिस्को बान्याया या पुढे जगज्जेता झालेल्या चालकाने आपली पहिली ग्रां प्री महिंद्राच्याच गाडीवर जिंकली. २०१७ अखेर ते बंद केलं, पण विजेवरच्या फॉर्म्युला ई मध्ये २०१४ च्या पहिल्या शर्यतीपासून महिंद्रा आजवर आहे. त्यामागे २०१० मध्ये घेतलेली रेवा ही विजेच्या गाड्यांची कंपनी होती. ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज फॉर्म्युला ई मध्ये येऊन गेल्या. महिंद्रा राहिली, हे अभिमानाने सांगावंसं वाटतं. टाटांच्या मालकीची जॅग्वारही २०१६ मध्ये बारा वर्षांच्या खंडानंतर तिथेच शर्यतीत परतली आणि २०२४ मध्ये संघांची विजेती ठरली. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादच्या रस्त्यावर दोन्ही गाड्या आपल्या लोकांपुढे धावल्या. पुढच्या वर्षीची शर्यत मात्र रद्द झाली.

कोकणात आम्ही हे थांबणं आणि परतणं एका वेगळ्या शर्यतीत जवळून पाहिलं आहे. रायगडच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू घट्ट झाली की बैलगाड्या सुटायच्या. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली. साडेसात वर्षांनी वाळूवर चाकोऱ्या उमटल्या, कारण मधल्या काळात काही घरांनी कसलीही आशा नसताना शर्यतीचे बैल पोसले होते. ज्यांनी विकले त्यांना पुन्हा जोडी जमवायला फार जड गेलं.

मोटारींच्या बाबतीत किनाऱ्यावर कंपनीचं पाऊल पडलं ते गोव्याच्या पावसात. २०१४ पासून तिथे मलेशियाच्या धर्तीवर चिखलातली जंगलस्पर्धा भरू लागली आणि काही वर्षं तिच्या नावाआधी पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीचं नाव होतं. जांभ्याचा लाल चिखल, ओढे, बुडालेली चाकं आणि विंचच्या दोराने झाडाला बांधून वर ओढलेल्या गाड्या. ते बघून आल्यावरच आमच्या मिस्त्रींच्या डोक्यात हे खूळ शिरलं.

त्यांच्या शेडमध्ये सध्या एक जुनी महिंद्रा जीप उभी आहे. एकेकाळी ती आंब्याच्या पेट्या आणि वडापची माणसं वाहायची. आता तिचा टप काढलाय, जाड पाइप वाकवून आत पिंजरा बसवलाय, हवेची नळी काचेच्या वर नेलीय. दोन पोरं रोज कॉलेज सुटल्यावर येतात. एक वेल्डिंग शिकतोय, दुसऱ्याने गिअरबॉक्स आतापर्यंत तीनदा खोलून पुन्हा बसवलाय. स्पर्धेचं लायसन्स, हेल्मेट, अग्निरोधक कपडे, आणण्या-नेण्याचा ट्रक, सगळा खर्च गाड्या दुरुस्त करून मिळालेल्या पैशांतून चाललाय. पिंजऱ्याचं वेल्डिंग संपलं की रंग द्यायचाय. बॉनेटवर कुलदैवताचं नाव येणार हे ठरलेलं आहे. दोन्ही दरवाजांवरची जागा मात्र मिस्त्रींनी कोरी ठेवायला सांगितली आहे, एखाद्या कंपनीचं नाव नीट मावेल एवढी.