सध्याचा पगार वेगळा, अपेक्षित पगार वेगळा

नोकरीच्या फॉर्मवर दोन रकाने शेजारी शेजारी असतात: सध्याचा सीटीसी (म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) आणि अपेक्षित सीटीसी. आपल्या जळगाव-धुळ्याकडची पोरं पहिल्यावर वीस टक्के चढवतात आणि दुसरा भरून मोकळी होतात. दर वेळी ते बघून जीव तुटतो.

पहिला रकाना सोपा आहे. तिथं फक्त हातात येणारा आकडा लिहायचा नाही, एवढंच. अमळनेरची माझी भाची जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कंपनीत, टेस्टिंग लॅबमध्ये. बेसिक १२,०००, ग्रॉस १६,०००. पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) १२० कापून हातात १४,४४०. कंपनी भरते तो पीएफ १,४४०, ईएसआय ५२० आणि ग्रॅच्युइटीचे ५७७ धरले की सीटीसी १८,५३७. हा आकडा फुगवूही नका. सॅलरी स्लिप मागतातच, आणि खोटं उघडं पडलं की हातची नोकरी जाते.

खरी गफलत पुढच्या रकान्यात. चाकणच्या एका कंपनीचा फॉर्म मोबाइलवर उघडून भाचीनं विचारलं, "मामा, आठे काय लिखू?" आणि मी तोंड उघडायच्या आत २२,००० टाकलेसुद्धा.

सध्याचा पगार म्हणजे जुन्या मालकानं, जुन्या गावात, जुन्या कामाला दिलेला भाव. तुम्ही तेव्हा किती अडलेले होता, तेही त्यात आलं. अपेक्षित पगार हा नव्या कामाचा भाव. रावेरला केळीचा व्यापारी बागेत येतो तेव्हा घड बघतो, बऱ्हाणपूरचा आजचा भाव बघतो. गेल्या वर्षी तुमचा माल पडेल भावात गेला म्हणून यंदा त्यावर वीस टक्के देतो म्हणाला, तर कोण शेतकरी कबूल होईल? मग पोरीच्या पगाराला तो हिशोब का लावायचा?

पहिल्या नोकरीत बाईला कमी पगार मिळाला की या बेरजेमुळे तो कमीपणा पुढच्या प्रत्येक नोकरीत तिच्यासोबत जातो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं याच कारणानं २०१६ मध्ये कायदा केला: ऑफर देण्याआधी मागचा पगार विचारायचा नाही. १ जुलै २०१८ पासून तो लागू आहे. आपल्याकडे अशी बंदी नाही, त्यामुळे विचारणारच. विचारलं तर खरं सांगा, पण त्याआधी "या जागेसाठी तुम्ही किती ठरवलंय?" हे विचारून घ्या. माझ्या मते हा प्रश्न प्रत्येकानं विचारलाच पाहिजे. त्यात उद्धटपणा काही नाही.

भाचीला मी चाकणच्या कामाची जाहिरात पुन्हा वाचायला लावली. जळगावात तिच्याकडे एकच मशीन, दिवसपाळी, राहायला मावशीचं घर. तिकडे तीन मशीन, रात्रपाळी, शिवाय खोली आणि मेसचे साडेसहा हजार. तिथं हेच काम करणाऱ्या दोन ओळखीच्या मुलींना फोन करून तिनं चालू दर काढला आणि २२,००० खोडून २८,००० लिहिले.

एचआरच्या बाईंनी फोनवर विचारलंच, "अठरावरून एकदम अठ्ठावीस?"

"मॅडम, अठरा एका मशीनचे होते. तुमच्याकडे तीन आहेत, आणि रात्रपाळी."

२६,००० वर ठरलं.