दहा बाय पंधराची भट्टी

मुंबईच्या चाळीतली दहा बाय पंधराची खोली डोळ्यांसमोर आणा. दीडशे चौरस फूट. फरशीच्या जागी लोखंडी जाळी बसवा, जाळीवर धगधगता कोळसा पसरा आणि ही अख्खी खोली रुळांवरून पळवा. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेच्या ‘बिग बॉय’ इंजिनाची भट्टी एवढी होती. आकार जरा लांबोडका, क्षेत्रफळ तेवढंच.

या इंजिनाचं कौतुक करताना लोक लांबी-वजन सांगतात. टेंडर, म्हणजे मागे जोडलेली कोळसा-पाण्याची गाडी, धरून साडेचाळीस मीटर लांब, कोळसा-पाणी भरलं की साडेपाचशे टनांच्या आसपास. आकडे खरे आहेत, पण माप घ्यायचं तर जाळीपासून घ्यावं. बाकीचा सगळा डोलारा त्या जाळीपायी उभा राहिला.

सुरुवात एका चढापासून झाली. युटा राज्यातल्या ऑग्डनहून पूर्वेला वायोमिंगकडे निघालं की वासॅच पर्वत आडवा येतो. तिथला चढ १.१४ टक्के, म्हणजे साधारण ८८ मीटरला एक मीटर. भोर घाटातला ३७ ला १ चढ पाहिलेल्या माणसाला हे किरकोळ वाटेल. पण आपल्याकडे कर्जतला मागे बँकर लागतात, आणि युनियन पॅसिफिकला नेमकं तेच टाळायचं होतं. बँकर म्हणजे जादा इंजिन, जादा माणसं, जोडण्या-सोडण्यात गेलेला वेळ आणि वर पोचल्यावर मोकळं इंजिन परत खाली आणण्याचा खर्च. १९३६ पासून धावणाऱ्या त्यांच्या ‘चॅलेंजर’ इंजिनांनाही या चढावर मदत लागायची. म्हणून नव्या इंजिनाला अट घातली गेली: ३,६०० अमेरिकन टनांची, म्हणजे सुमारे ३,२७० मेट्रिक टनांची मालगाडी एकट्याने वर न्यायची.

हे गणित पाकिटाच्या पाठीवर करता येतं. गाडी आणि इंजिन मिळून ३,८०० टन धरू. १.१४ टक्के चढावर टनामागे ११.४ किलो ओढ लागते. झाले ४३ टन. सपाटीवरही चाकं फिरवायला टनामागे तीनेक किलो लागतातच. ते आणखी ११. एकूण ५४-५५ टन. बिग बॉयची जागेवरून निघतानाची ओढ होती १,३५,३७५ पौंड, म्हणजे ६१ टन. वरचे सहा-सात टन वळणांसाठी आणि वेग वाढताना ओढ कमी होते त्यासाठी.

पण ६१ टनांनी ओढायचं तर चाकं घसरायला नकोत. गुळगुळीत पोलादावर गुळगुळीत पोलाद. ओढीच्या चौपट वजन चालत्या चाकांवर असावं, हा जुना हिशेब. चौपट म्हणजे २४५ टन. मजबुतीने बांधलेल्या त्यांच्या रुळांवरही एका आसावर साडेतीस टनांच्या पुढे जाता येत नव्हतं. २४५ भागिले साडेतीस, आले आठ आस. १७३ सेंटिमीटर व्यासाची सोळा चाकं, पुढे वाट दाखवणारी चार, भट्टीचा भार उचलणारी मागची चार. ४-८-८-४ हे जे इंजिनप्रेमी मंत्रासारखं म्हणतात, ते असं भागाकारातून आलं.

आठ आस एका ताठ चौकटीत बसवले तर वळणावर इंजिन रुळ सोडेल किंवा रूळच वाकवेल. म्हणून चालतं यंत्र दोन तुकड्यांत केलं. मागचा तुकडा बॉयलरला पक्का जोडलेला. पुढचा बिजागरीवर, बॉयलरच्या पोटाखाली डावी-उजवीकडे सरकणारा. वळणावर समोरून पाहिलं तर बॉयलरचं तोंड रुळाच्या बाहेर लोंबतं आणि चाकं भलतीकडेच वळलेली दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, गेलं आता. पण ते तसंच चालायला बनवलेलं होतं. जेमतेम ८८ मीटर त्रिज्येचं वळणही ते घेऊ शके.

मूळ कल्पना स्विस अभियंता अनातोल माले यांची, १८८४ सालची. त्यांच्या रचनेत वाफ आधी मागच्या सिलिंडरांत काम करायची आणि दाब उतरल्यावर पुढच्या, मोठ्या सिलिंडरांत जायची. बिग बॉयमध्ये ही काटकसर सोडून चारही सिलिंडरांना ताजी वाफ दिली. पुढचे अवजड सिलिंडर गेले आणि वेग घेता आला. वळणांचं दुखणं सोडवण्याची दुसरी तऱ्हा म्हणजे गॅरेट: बॉयलर मधे टांगलेला, यंत्रं दोन्ही टोकांना. आपल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती पसंत केली. तिचं ४-८-०+०-८-४ जातीचं एक धूड दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. आणि भोर घाट? तिथे जीआयपी (आजच्या मध्य) रेल्वेने १९३० च्या सुमारास वाफेचा नादच सोडला आणि विजेची इंजिनं आणली. त्यांचं ‘खेकडा’ हे नाव जुन्या रेल्वेवाल्यांच्या तोंडी अजून आहे.

आता भट्टीकडे. युनियन पॅसिफिकच्या खाणी वायोमिंगमध्ये, रुळांच्या शेजारीच होत्या. कोळसा स्वस्त, पण हलका आणि कमी कसाचा. असा कोळसा लहान जाळीवर जोराने जाळला तर झोताबरोबर अर्धवट जळून धुराड्यातून बाहेर उडतो. उपाय एकच: जाळी मोठी करा, थर पातळ ठेवा. जाळी वाढली ती एवढ्यासाठी.

पूर्ण जोरात असताना ही भट्टी तासाला दहा टन कोळसा खाई. तगडा फायरमन फावड्याने तासाला दोन-अडीच टन टाकेल, तेही फार वेळ नाही. त्यामुळे कोळसा टेंडरच्या तळातून एका लांब स्क्रूने पुढे येई. उसाच्या रसवंतीवर बर्फ किसतात तसे ढेकळांचे तुकडे करणारे दात वाटेत, मग भट्टीच्या दाराशी एक पत्रा, आणि त्या पत्र्यावरून वाफेचे बारीक झोत कोळसा आत फेकत. उजव्या कोपऱ्याला एक झोत, डाव्याला एक, पुढे लांब, मागे जवळ. फायरमनचं कसब फावड्यातून निघून या झोतांच्या कॉकवर आलं. एखादा झोत मंद पडला की त्या कोपऱ्यात विस्तवाला भोक पडतं, तिथून थंड हवा आत घुसते आणि दाबाचा काटा उतरतो. झोत जास्त झाला तर ढीग साचतो, राख वितळून खंगर होतो आणि जाळी बंद. स्क्रूत लोखंडाचा तुकडा किंवा न फुटणारा दगड अडकला तर स्क्रू उलटा फिरवून तो सोडवायचा, आणि तोवर फावडं हाती घ्यायचं; एवढ्या जाळीपुढे फावडं म्हणजे समुद्राला तांब्या.

कोळशापेक्षा हवा जास्त लागते, हे सहसा लक्षात येत नाही. एका किलोला साधारण दहा किलो. म्हणजे तासाला शंभर टन हवा, सेकंदाला बावीस-तेवीस घनमीटर. ती ओढायला पंखा नाही. सिलिंडरांत काम संपवलेली वाफ धुराड्याखालच्या नळ्यांतून वर सुटते, सोबत धूर ओढून नेते, समोरच्या पेटीत हवा विरळ होते आणि जाळीखालून ताजी हवा आत येते. यात एक फार सुंदर गोष्ट आपसूक घडते: इंजिन जितकं जोरात ओढेल तितकी जास्त वाफ सुटते, झोत वाढतो, विस्तव भडकतो आणि आणखी वाफ तयार होते. वाफेच्या इंजिनाचा ‘झुक झुक’ आवाज म्हणजे याच भात्याचे ठोके. एका तुकड्याचे चाकाच्या एका फेऱ्याला चार. बिग बॉयचे दोन तुकडे एकमेकांना बांधलेले नसल्याने ठोके कधी जुळतात, कधी फुटतात. चढावर आठांची सरबत्ती ऐकू येते, ती हळूहळू सरकत एकमेकींत मिसळते आणि चार भारी ठोके उरतात, पुन्हा विस्कटते. तबल्याच्या दोन जोड्या एकच ठेका थोड्या निराळ्या लयीत वाजवाव्यात तसं.

आणि पाणी. तासाला पंचेचाळीस हजार लिटर. टेंडरमध्ये नव्वद हजार, म्हणजे पूर्ण जोरात दोन तासांचं. टेंडरची चौदा चाकं होती ती मुख्यतः हे पाणी वाहायला.

बॉयलरमधला दाब चौरस इंचाला ३०० पौंड, मोटारीच्या टायरच्या नऊ-दहा पट. या दाबाला पाणी २१७ अंशांना उकळतं. भट्टीच्या छतावर कायम पाणी हवं, हा या यंत्राचा पहिला आणि शेवटचा नियम. पाण्याखाली असेपर्यंत पोलादी छत सुरक्षित. कोरडं पडलं की काही मिनिटांत लाल होतं, नरम पडतं, धरून ठेवणाऱ्या बोल्टांवरून निसटतं. मग दाब एकदम उतरतो आणि २१७ अंशांच्या पाण्यातला पंचमांशाहून जास्त भाग तत्क्षणी वाफ होतो. कोळसा स्फोट करत नाही. बॉयलर उडवतं ते पाणी.

छत कोरडं पडायला निष्काळजीपणाच लागतो असं नाही, चढाचा माथाही पुरतो. चढताना इंजिनाचं तोंड वर असतं, पाणी मागे, भट्टीवर जमतं, आणि कॅबमधली काच भरपूर पाणी दाखवते. माथा ओलांडला की तोंड खाली. पाणी पुढे धावतं. भट्टी सहा मीटर लांब; १.१४ टक्क्यांनी तिच्या दोन टोकांतल्या पातळीत सात सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्याच उतारावर तो उलटा होतो. म्हणून जाणता फायरमन माथ्याच्या आधीच पाणी वाढवून ठेवतो. फार वाढवलं तर दुसरी आफत: पाणी वाफेबरोबर सिलिंडरात जातं. वाफ दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरचं झाकण फुटतं. पाण्यात क्षार साचून फेस आला तरी हेच होतं, म्हणून अधूनमधून तळातलं गढूळ पाणी मोठ्या आवाजाने बाहेर सोडावं लागे.

भट्टीच्या भिंतींना बाहेरच्या कवचाशी बांधणारे हजारो बोल्ट असतात. भट्टी तापते, कवच तुलनेने थंड, त्यामुळे दोन्हींची वाढ सारखी होत नाही आणि बोल्ट वाकून-वाकून तडकतात. आतला बोल्ट तुटला हे कळणार कसं? यावर एक साधी, हुशार युक्ती होती. बोल्टच्या मधोमध आडवं-उभं काही नाही, फक्त लांबीच्या दिशेने एक बारीक भोक. तडा भोकापर्यंत पोचला की तिथून पाण्याची पिचकारी बाहेर येते. तपासनीस नुसता कंदील घेऊन फिरला तरी आजारी बोल्ट स्वतःहून हाक मारतो. अर्थात भोकं बुजलेली नसतील तर.

हे सगळं तासाला ६६ किलोमीटरच्या आसपास सर्वांत छान जमून येई. चाचणीत त्या वेगाला ६,२९० अश्वशक्ती ओढीत उतरली. कोळशातल्या उष्णतेशी ताळा केला तर शंभरातले साडेसहा-सात भाग. उरलेले धुराड्यातून वर.

न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने १९४१ मध्ये अशी वीस आणि १९४४ मध्ये पाच इंजिनं बांधली. नाव ‘वासॅच’ ठेवायचा विचार होता; कारखान्यातल्या कुणा अनाम कामगाराने पुढच्या पत्र्यावर खडूने ‘बिग बॉय’ लिहिलं आणि तेच चिकटलं. फिरवायला १३५ फुटी टर्नटेबलं बांधावी लागली. महिन्याला बॉयलर थंड करून धुवायचा, राख काढायची, शेकडो जागी ग्रीज-तेल. थंड बॉयलर पुन्हा पेटवताना घाई केली तर सांधे तडकतात, म्हणून अख्खा दिवस जाई. डिझेलला यातलं काही नको. बटण दाबा, निघा. कमी पडलं तर आणखी एक जोडा, ड्रायव्हर तोच. शिवाय जागेवरून निघताना, जिथे वाफ अडखळते, तिथे डिझेल सर्वांत जोरात ओढतं. जुलै १९५९ मध्ये बिग बॉयने शेवटची कमाईची गाडी ओढली.

आठ शिल्लक राहिली. त्यांतलं ४०१४ हे कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या संग्रहालयात अर्धशतक उभं होतं. रेल्वेने ते २०१३ मध्ये परत घेतलं, २०१४ मध्ये वायोमिंगमधल्या शायेनला नेलं आणि बॉयलर पार मोकळा करून मे २०१९ मध्ये पुन्हा रुळांवर आणलं. आता ते तेलावर चालतं. १९४६ मध्ये ४००५ या इंजिनावर हा प्रयोग झाला होता आणि भट्टी सारखी तापेना म्हणून दोन वर्षांत परत कोळशावर आणावं लागलं होतं. या वेळी जमलं. दहा बाय पंधराची जाळी त्यासाठी काढून टाकली. जिच्यापायी एवढं इंजिन बांधलं, तिच्या जागी आता तेलाची ज्योत झेलणाऱ्या विटा आहेत.

तेलाची काजळी बॉयलरमधून धूर नेणाऱ्या नळ्यांत धरते. ती खरवडायला फायरमन अधूनमधून डावभर वाळू भट्टीत टाकतो. झोत ती नळ्यांतून ओढून नेतो आणि वरून काळाकुट्ट लोट निघतो. रुळांकडेला उभी असलेली गर्दी नेमका तोच फोटो काढते.