दर 7 वर्षांनी नवं शरीर? नाही हो!
दर 7 वर्षांनी आपलं अख्खं शरीर नवं होतं हा फॉरवर्ड परत फिरतोय, पण असं काही नसतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी काही दिवसांतच बदलतात, लाल रक्तपेशी साधारण 120 दिवस टिकतात, आणि मेंदूतले बहुतेक न्यूरॉन (चेतापेशी) जन्माच्या आधी किंवा जन्मानंतर लवकरच सेल सायकलमधून, म्हणजे पेशीच्या वाढण्या-विभागण्याच्या चक्रातून, कायमचे बाहेर पडलेले असतात, म्हणजे ते जवळपास तुमच्याच वयाचे. बाहेर पडणं म्हणजे मरणं नव्हे बरं का, पेशी जी-झिरोत, म्हणजे विभाजन थांबलेल्या विश्रांतीच्या अवस्थेत जाते, तिचं रोजचं काम चालूच, फक्त डीएनएची कॉपी काढणं बंद. लिव्हरच्या पेशी मात्र भारी, एरवी तिथेच निवांत बसलेल्या, पण लिव्हरचा तुकडा कापला की परत जी-वनमध्ये, म्हणजे चक्राच्या पहिल्या टप्प्यात येऊन विभाजन सुरू करतात.