सेंत-एक्झुपेरी: छोट्या राजपुत्राआधीचं वाळवंट

‘द लिट्ल प्रिन्स’मधल्या वैमानिकाचं इंजिन सहारात बिघडतं, तेव्हा त्याच्याकडे निदान आठवडाभराचं पाणी असतं. लेखक आंत्वान द सेंत-एक्झुपेरी स्वतः वाळवंटात कोसळले, तेव्हा त्यांच्याकडे एका दिवसाचंही नव्हतं.

तसं वाळवंट त्यांना नवं नव्हतं. १९२६ पासून ते लातेकोएर कंपनीची टपाल-विमानं चालवत होते. कासाब्लांका–डाकार मार्गावरची ब्रेगे-१४ विमानं पहिल्या महायुद्धाच्या काळातली. इंजिन वाटेतच बंद पडायचं. म्हणून विमानं जोडीनं निघत. एक खाली गेलं, की दुसऱ्यानं शेजारी उतरून वैमानिक आणि टपाल उचलायचं. टोळीवाल्यांच्या हाती लागलेल्या वैमानिकासाठी खंडणी मागितली जाई. १९२७ मध्ये आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या काप जुबीच्या तळाचे प्रमुख झाल्यावर अशांची सुटका करणं हाही सेंत-एक्झुपेरींच्या कामाचा भाग झाला.

डिसेंबर १९३५ मध्ये पॅरिस–सायगाव वेगाच्या विक्रमासाठी ते मेकॅनिक आंद्रे प्रेव्हो यांच्यासह कॉद्राँ सिमून विमानातून निघाले. बक्षीस दीड लाख फ्रँकचं. वजन वाचवून इंधन जास्त घेता यावं म्हणून रेडिओ नेला नाही, आणि घात झाला तो तिथेच. बेनगाझीहून कैरोकडे जाताना रात्री वाऱ्याचा अंदाज चुकला, तो दुरुस्त करायला जमिनीवरून कुणी सांगणारं नव्हतं. अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची दाखवतो. तिथला दाब ठाऊक नसेल तर त्याच्यावर विसंबता येत नाही. नाईल मागे पडली असं समजून ते ढगांखाली उतरले आणि ताशी २७० किलोमीटर वेगानं पठारावर आदळले. उतार सौम्य होता, गोल दगडगोट्यांवरून विमान घसरत गेलं, म्हणून दोघं वाचले.

पाण्याची टाकी फुटून पाणी वाळूत जिरलं. उरलं ते अर्धा लिटर कॉफी, पाव लिटर व्हाइट वाइन, थोडी द्राक्षं आणि एक संत्रं. पहाटे पंखांवरचं दव फडक्यानं टिपलं, तर त्यात रंग आणि तेल उतरलेलं. पॅराशूट पसरून जमवलेलं दव टाकीत पिळलं, पण ते पाणी पिऊन दोघांना ओकाऱ्या झाल्या. चौथ्या दिवशी एका बेदुइननं, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबानं, त्यांना पाणी दिलं.

१९४३ मध्ये ‘द लिट्ल प्रिन्स’ न्यूयॉर्कमध्ये निघालं आणि त्याच वर्षी सेंत-एक्झुपेरी दुसऱ्या महायुद्धाच्या आघाडीवर पुन्हा गेले. पी-३८ लाइटनिंग या अमेरिकी लढाऊ विमानाच्या वैमानिकांसाठीची वयोमर्यादा त्यांनी केव्हाच ओलांडली होती. तरी हट्टानं परवानगी मिळवली. ३१ जुलै १९४४ ला कॉर्सिकाहून टेहळणीसाठी उडालेलं त्यांचं विमान परतलं नाही. २००० मध्ये मार्सेजवळ समुद्रतळाशी अवशेष दिसले, २००३ मध्ये वर काढले, आणि एका तुकड्यावरच्या २७३४ या कारखान्याच्या क्रमांकावरून २००४ मध्ये ओळख पटली. काढलेल्या भागांवर गोळ्यांच्या खुणा नव्हत्या, पण ते विमानाचा जेमतेम थोडा भाग आहेत. विमान का पडलं, हे त्यावरून ठरवता येत नाही.