रोममध्ये राहायचे, पण कितव्या मजल्यावर?

सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमची लोकसंख्या सुमारे १० लाख होती, असा अंदाज आहे. त्यातले बहुतेक लोक 'इन्सुला' नावाच्या भाड्याच्या बहुमजली इमारतींत राहत. तळाला दुकाने, त्यावर ऐसपैस घरे, आणि जसजसे वर जावे तशा खोल्या लहान, भाडे कमी, धोका जास्त.

हा धोका भिंतींतच होता. सामाईक भिंत दीड रोमन फुटापेक्षा (सुमारे ४४ सेंटीमीटर) जाड बांधायला कायद्याने मनाई होती, असे वास्तुतज्ज्ञ विट्रुवियस सांगतो. तेवढ्या जाडीची कच्च्या विटांची भिंत एकच मजला पेलते. त्याहून उंच जायचे तर दगडी खांब, भाजलेल्या विटा किंवा काँक्रीट हवे. खर्च वाचवायचा असेल तर लाकडी सांगाड्यात भराव घालून वर गिलावा करत. अशी भिंत हलकी असते, झटपट उभी राहते. पण गिलाव्यातल्या ओलीने लाकूड फुगते, वाळताना आकसते आणि तडे जातात. आग लागली तर भिंतच पेटते. असल्या भिंतींचा शोधच लागला नसता तर बरे, असे विट्रुवियसने लिहून ठेवले आहे, आणि ते अगदी खरे आहे. घरोघरी उघडी शेगडी, तेलाचे दिवे आणि वर पाण्याचा थेंब नाही!

ऑगस्टसने इमारतींच्या उंचीची मर्यादा ७० रोमन फुटांवर (सुमारे २१ मीटर) आणली, नंतरचा सम्राट ट्राजनने ६० फुटांवर. इ.स. ६ मध्ये अग्निशमनासाठी सात तुकड्या उभ्या राहिल्या. तरीही इ.स. ६४ च्या आगीतून शहराच्या १४ विभागांपैकी फक्त चार सुखरूप राहिले.

मग लोक इथे का राहत? नोंदणी झालेल्या सुमारे दोन लाख नागरिकांना दरमहा साधारण ३३ किलो गहू फुकट मिळे. डोंगरातले पाणी केवळ उताराच्या जोरावर जलसेतूंतून शहरात येई आणि रस्त्यावरच्या हौदांत अखंड वाहत राही. सांडलेले पाणी गटारे धुऊन नेई. मात्र वरच्या मजल्यावर ते घागरीने चढवावे लागे.

सार्वजनिक स्नानगृहात अगदी किरकोळ नाण्यात दिवसभराचा शीण जाई. तिथली जमीन विटांच्या सुमारे दोन फुटी खांबांवर तोललेली असे. भट्टीची गरम हवा या पोकळीतून फिरून भिंतींतल्या नळ्यांनी वर चढे. उणीव होती ती पाण्याच्या स्वच्छतेत. त्याच हौदात आजारी माणसेही उतरत. जखम स्वच्छ झालेली नसताना स्नानगृहात जाऊ नये, ती सडू शकते, असे वैद्यकावर लिहिणारा रोमन लेखक सेल्सस याने बजावले होते.

घरातला संडास बहुधा गटाराला जोडलेला नसे, आणि त्यामागे व्यवहारज्ञान होते. पाण्याने हवा अडवणारा वाकडा नळ तेव्हा नव्हता. गटार जोडले की दुर्गंधी आणि उंदीर थेट घरात येत. टायबर नदीला पूर आला की मैलाही उलटा चढे. म्हणून घराखालचा खड्डा भरला की उपसून मैला शेतात खत म्हणून जाई. रोमन काळातल्या मातीत गोलकृमी आणि चाबूककृमी या आतड्यातल्या जंतांची अंडी आधीच्या काळापेक्षा कमी झालेली दिसत नाहीत, त्याचे एक कारण संशोधकांना या खतातच दिसते.